दाढीच्या ब्रशचा इतिहास मुठीत नव्हे, केसांत असतो

१/
आजोबा-पणजोबांच्या काळातील दाढीचा ब्रश संग्राहकाच्या हाती आला, की तो आधी मूठ निरखतो. ती हस्तिदंताची की बेकेलाइटची, तिच्यावर कोणत्या कारखान्याचे नाव कोरले आहे, हे पाहतो. केसांकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. झडले तर नवे बसवता येतात, अशी समजूत असते. वास्तविक ब्रशचा इतिहास केसांत असतो, आणि केसांची चौकशी न केल्याची किंमत शंभर वर्षांपूर्वी माणसांनी प्राणांनिशी मोजली आहे.

२/
दाढीच्या ब्रशसाठी मुख्यतः तीन प्राण्यांचे केस वापरात आले: बॅजर, घोडा आणि डुक्कर. बॅजरचा केस मऊ, पाणी धरून ठेवणारा आणि महाग. डुकराचा केस राठ, स्वस्त आणि चिवट. इटली व पोर्तुगालमधील न्हाव्यांच्या दुकानांत डुकराच्या केसांच्या ब्रशाला आजही मान आहे. बोलोन्या येथे १९३१ मध्ये सुरू झालेला ओमेगा हा कारखाना याच ब्रशांसाठी ओळखला जातो.

३/
हा राठ केस पहिल्या दिवशी कोणालाच आवडत नाही. तो टोचतो, त्याला वास येतो आणि साबणाचा फेस तो जणू गिळून टाकतो. पण हा केस पाणी शोषतो. कोमट पाण्यात काही मिनिटे भिजवला की तो नरमतो, आणि रोजच्या वापराने त्याचे टोक दुभंगत जाते. पंधरा-वीस दाढ्यांनंतर अशा हजारो दुभंगलेल्या टोकांचा गालाला मऊ स्पर्श होतो, तर बुंध्याकडचा ताठपणा टिकून राहतो. उकळते पाणी आणि गालावर दाबून घासणे, हे त्याचे दोन शत्रू. पहिल्याने केस व डिंक दोन्ही बिघडतात, तर दुसऱ्याने केस बुडाशी मोडतात.

४/
आता पहिल्या महायुद्धाकडे वळावे. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून सैनिकांना गुळगुळीत दाढी आवश्यक ठरली. अमेरिकी सरकारने जिलेट कंपनीकडून सुमारे ३५ लाख रेझर घेतले. साहजिकच ब्रशांची मागणीही वाढली. युद्धापूर्वी रशियातील बॅजरचे केस जर्मनीमार्गे येत आणि तेथे त्यांचे निर्जंतुकीकरण होई. युद्धाने तो मार्ग बंद केला. मग चीन, जपानकडून घोड्याचे स्वस्त केस येऊ लागले आणि ते रंगवून बॅजरसारखे दिसणारे ब्रश बाजारात आले.

५/
त्यांतील काही केसांबरोबर काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जिवाणू बीजाणूंच्या रूपात आले. रेझरने पडलेल्या बारीक ओरखड्यातून ते त्वचेत शिरत. आधी पुळी, भोवती सूज आणि मग कोळशासारखी काळी खपली. प्रतिजैविकांचा काळ अजून यायचा होता. अमेरिका व इंग्लंडमधील डॉक्टरांनी या वाढत्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा तो नव्याकोऱ्या ब्रशापर्यंत पोहोचला.

६/
ब्रिटनने १९१९ मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. १९२१ मध्ये लिव्हरपूल येथे लोकर व केस शुद्ध करण्याचे सरकारी केंद्र सुरू झाले. तेथे आधी साबण व क्षाराच्या गरम द्रावणाने धुणे आणि नंतर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया, असा क्रम होता. एका साध्या वस्तूमागे एवढी यंत्रणा उभी करावी लागली, कारण हे बीजाणू वर्षानुवर्षे तग धरतात आणि साध्या धुण्याला दाद देत नाहीत.

७/
केसांची चौकशी केली, की माणसेही भेटतात. वसाहतकाळात कानपूर हे डुकराच्या केसांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते आणि तो व्यापार प्रामुख्याने खटिक समाजाच्या हाती होता. केस धुणे, लांबी व रंगानुसार निवडणे, जुड्या बांधणे आणि तो माल लंडनच्या बाजारासाठी रवाना करणे, हे काम ज्यांना समाजाने अस्पृश्य लेखले त्यांनी केले. साहेबाच्या आरशापुढचा ब्रश त्यांच्या श्रमातून उभा राहिला. मुठीवर मात्र त्यांचे नाव कधीच कोरले गेले नाही.

८/
म्हणून जुन्या ब्रशाच्या जीर्णोद्धाराबाबत भूमिका स्पष्ट असावी. १९३० पूर्वीचा किंवा केसांचा उगम अज्ञात असलेला ब्रश गालाला लावू नये. त्याची जागा काचेच्या कपाटात. उकळून काढला की झाले, हा युक्तिवाद टिकत नाही. उकळल्याने ब्रश हमखास बिघडतो, निर्जंतुक होण्याची हमी मात्र मिळत नाही. घरच्या घरी असे निर्जंतुकीकरण करू नये, असे अमेरिकेतील आरोग्यतज्ज्ञांनीही सुचवले आहे. अलीकडचा, माहितीतला ब्रश मात्र खुशाल सावरावा. साबणाचे जुने थर सौम्य व्हिनेगरच्या पाण्याने काढावेत, स्वच्छ धुऊन, झटकून, वाऱ्यावर वाळवावा. केस मोडले असतील, तर जुन्या मुठीत नवा झुपका बसवावा.

९/
यावर आक्षेप येईल, की केस बदलले तर ब्रश अस्सल कसा उरला? पण १९१५ च्या सुमाराच्या त्या ग्राहकानेही अस्सल दिसणारी वस्तूच विकत घेतली होती. रंग बॅजरचा, भाव परवडणारा, मूठ देखणी. केस कोणाचे, कुठून आले, कोणी धुतले, एवढे त्याने विचारले नाही. विचारले असते तरी उत्तर देणारे कोणी नव्हते. आज उत्तर मिळू शकते. जुनी वस्तू हाती घेणाऱ्याने निदान तेवढा प्रश्न विचारावा. आणि उत्तर मिळाले नाही, तर ती वस्तू वापरण्याचा मोह आवरावा.