सावली तोडणाऱ्यांनो, हिशेब द्या!

मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा लातूरच्या गंजगोलाईत पोती वाहणाऱ्या हमालाने टेकायचे कुठे? नांदेडच्या वजिराबादेत भाजीची हातगाडी लावणाऱ्या बाईने कोणत्या झाडाचा आडोसा धरायचा? गाडीत आणि दालनात थंड हवा खाणाऱ्यांनी या माणसांची सावली हिरावून घेतली आहे. ही उघड लूट आहे, आणि तिला विकास म्हणायला आम्ही साफ नकार देतो!

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा रस्ता पाहा. चौपदरीकरणात जुन्या झाडांवर करवत चालली. वाटसरू, मेंढपाळ, एसटीची वाट पाहणारी म्हातारी माणसे, सारी उन्हात उभी केली. डांबर चार महिन्यांत पसरते. सावली देणारी चिंच उभी राहायला दोन पिढ्या लागतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. सावली कोणत्या रेल्वेने आणणार आहात?

कायदा नाही, असे कोणी सांगू नये. शहरांतील झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावायची आणि सात वर्षे जगवायची, असे बंधन घातले. म्हणजे साठ वर्षांच्या एका वडापोटी साठ झाडे! ती कुठे आहेत? आम्हाला दिसतात ते वाळलेल्या काड्या कवटाळून बसलेले गंजके पिंजरे आणि त्यांच्यावर रंगवलेली पुढाऱ्यांची नावे.

जी झाडे वाचली त्यांचाही गळा आवळला जातो आहे. रस्त्याकडेचा कडुनिंब जवळ जाऊन पाहा. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले, वाढणारी साल त्यांच्या कडांवर फुगून आलेली, खोडात खिळे, खिळ्यांवर शिकवणीवर्गाची पाटी. पावसाचा थेंब मुळाशी जात नाही. पहिल्याच वादळात ते झाड उन्मळते आणि कागदावर ‘धोकादायक झाड’ अशी नोंद होते. बुंध्याभोवती १ मीटर जागा मोकळी करा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत २०१३ सालीच दिला. आपल्याकडे तेवढी माती सोडायला कोणाचे हात बांधले आहेत? आणि बागांत पाम कशासाठी? भर दुपारी त्याखाली एक लेकरू तरी बसते का? कडुनिंब लावा, करंज लावा, वड-पिंपळाला जागा द्या.

आमची मागणी स्पष्ट आहे. पावसाळ्यापूर्वी बुंध्यांभोवतीचे ब्लॉक उखडा. तोडलेल्या प्रत्येक झाडाचे वय, त्याबदली लावलेल्या झाडांची जागा आणि त्यांतली आज जिवंत किती, याची यादी लातूर आणि नांदेड या दोन्ही महापालिकांच्या दारावर लावा. ती लागेपर्यंत तोडीच्या एकाही परवानगीवर सही होता कामा नये.