दाराबाहेरची बशी

वर्धा शहरालगत पिपरी मेघे येथे 'पीपल फॉर ॲनिमल्स' या संस्थेचा करुणाश्रम आहे. जखमी, आजारी आणि निराश्रित प्राण्यांना, मग ते रानातले असोत वा गल्लीतले, तेथे उपचार मिळतात, हे जिल्ह्यातील पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु असा आश्रम चालविणाऱ्यांची खरी विवंचना कोणती असते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. प्राणी आणून सोपविणारे हात पुष्कळ असतात. बरा झालेला प्राणी आपल्या घरी नेणारे हात थोडे. घोरपड वा घुबड बरे झाले की त्यास वनखात्याच्या संमतीने त्याच्या अधिवासात मुक्त करता येते. मांजरास मात्र असे कोणते वन उरलेले नाही, कारण सहस्रावधी वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारापाशी माणसाशी सोयरीक जुळल्यापासून माणसाची वस्ती हाच त्याचा अधिवास होऊन बसला आहे, आणि म्हणून बऱ्या झालेल्या मांजरास कोठे सोडावे या प्रश्नाचे एकच प्रामाणिक उत्तर संभवते: कोणाच्या तरी घरात.

आमच्याकडे घडते ते नेमके उलट. भाटी कोठीघरात व्याली, तिची पिल्ले डोळे उघडून घरभर फिरू लागली की पहिले काही दिवस मुलांचे कौतुक पुरते, आणि मग एके दिवशी ती पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या ओट्याखाली वा गावाबाहेरच्या नाल्याकाठी नेऊन सोडली जातात. मांजराच्या हत्येचे पातक काशीस सोन्याचे मांजर अर्पण केल्यावाचून फिटत नाही, असे मानणाऱ्या समाजाने हत्या वर्ज्य ठरविली. आईवेगळ्या पिल्लाला उपाशी मरावयास सोडून देण्याचे पातक मात्र त्याने कोणाच्याच खाती मांडले नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने ते मांडले आहे. ज्या परिस्थितीत प्राण्यास भूक-तहानेच्या यातना होण्याचा संभव आहे अशा परिस्थितीत त्यास टाकून देणे हा कलम 11 अन्वये गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड एवढीच असल्यामुळे, त्या कलमाचा धाक कोणाला वाटावा? हा दंड वाढविला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत गांधीजींच्या एका जुन्या वादाचे स्मरण होते. 1926 साली अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारातील सुमारे साठ भटकी कुत्री मारविली, तेव्हा उसळलेल्या क्षोभात गांधीजींनी 'यंग इंडिया'तून त्यांची बाजू घेतली आणि त्यापायी रोषाची शेकडो पत्रे ओढवून घेतली. त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि लसीकरण व शस्त्रक्रिया सुलभ झालेल्या आजच्या काळात तो कोणीही मान्य करू नये. परंतु त्या निष्कर्षाच्या मुळाशी असलेले त्यांचे निदान आजही अबाधित आहे. बेवारस जनावर हे समाजाच्या आळसाचे लक्षण आहे, आणि ज्याची जबाबदारी घ्यावयाची नाही त्याच्यापुढे एक तुकडा टाकून दयेचे समाधान मिळविणे हा त्या जीवाचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दहा वर्षांनी ते सेवाग्रामास येऊन राहिले. ज्या भूमीत जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोपुरीतील झोपडीत राहून गोसेवेस वाहिले आणि 1942 च्या फेब्रुवारीत तेथेच वर्ध्यास देह ठेवला, त्या भूमीला सेवा म्हणजे केवळ घास टाकणे नव्हे, हे निराळे सांगण्याचे प्रयोजन नसावे. तरीही मांजराच्या वाट्याला बहुधा दाराबाहेरची दुधाची बशीच येते.

ती बशीही अपायकारकच. दूध तुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातील शर्करा पचविण्याची शक्ती क्षीण होते, आणि आपण प्रेमाने पाजलेल्या दुधाने त्यांस हगवण लागते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मांजर हा निखालस मांसाहारी जीव आहे: टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते प्राणिज आहारातूनच मिळावे लागते, आणि त्याच्या अभावी दृष्टी जाते व हृदयाचे स्नायू दुर्बळ होतात, हृदयविकाराशी असलेला हा संबंध कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 1987 साली सिद्ध केला. आमच्या जिल्ह्यात शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या व्रताविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु ज्या घरात मासळी, कोंबडी वा मांजरासाठी तयार मिळणारे कोरडे खाद्य यांपैकी काहीच चालणार नसेल, त्या घराने मांजर आणू नये. दूधपोळीवर त्यास जगविणे म्हणजे आपल्या धर्माचा भार परक्या देहावर टाकणे होय.

आणावयाचे ठरले, तर पिल्लाचाच आग्रह धरू नये. आश्रयस्थानांत मागे राहतात ती वयात आलेली, एका डोळ्याची, लंगडणारी, अथवा केवळ काळ्या रंगामुळे नाकारली गेलेली मांजरे. वास्तविक प्रौढ मांजराचा स्वभाव ठरलेला असतो, ते मुलांत रमेल की वृद्धांच्या शांत घरात, हे त्याची देखभाल करणारा माणूस आधीच सांगू शकतो, आणि पिल्लाचा धुमाकूळ न पेलवणाऱ्या आजी-आजोबांना असे मांजरच अधिक मानवते. ते घरी आल्यावर त्याला सर्वांच्या हातांतून फिरवू नये. एक खोली, त्यात लपावयास एखादा खोका, पाणी, आणि अन्नापासून दूर ठेवलेले वाळूचे घमेले, एवढी तजवीज करून दोन-तीन आठवडे त्याला त्याच्या मर्जीने बाहेर येऊ द्यावे. पलंगाखालून न निघणारे मांजर कृतघ्न नसते. नव्या घरातले वास आणि आवाज ते पारखीत असते. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी हवीत. आणि एक ताकीद: तापासाठी माणसाला देतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विषासमान आहे, अर्धी गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

सून गरोदर राहिली म्हणून वर्षानुवर्षे घरात वाढलेले मांजर बाहेर काढणारी सुशिक्षित कुटुंबे आढळतात, याचे मला फार दुःख होते. टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची भीती निराधार नाही. परंतु विष्ठेतील त्याचे बीज संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो, म्हणून गर्भवतीखेरीज दुसऱ्या कोणी ते घमेले रोजच्या रोज साफ केले तर धोका फारच थोडा उरतो, आणि अर्धकच्चे मांस वा न धुतलेला भाजीपाला यांपासूनही हा संसर्ग होतो, त्याकडे कोणाचे लक्षच नसते. असा प्रसंग आला तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मांजराला घालवून देण्याचा निर्णय शेजारणीच्या सांगण्यावरून होऊ नये.

या सर्वांहून निकडीची गोष्ट नसबंदीची. भाटी वयाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात माजावर येऊ शकते, तिची गर्भावस्था साधारण नऊ आठवड्यांची असते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा ती विते. म्हणजे एका मांजराला घर मिळेपर्यंत कित्येक नव्यांची भर पडलेली असते. ज्यांना विदेशी जातीचे मांजर हजारो रुपये मोजून विकत घ्यावेसे वाटते त्यांनी तत्पूर्वी एकदा पिपरीच्या करुणाश्रमात वा आपल्या गावाजवळच्या आश्रयस्थानात जाऊन चौकशी करावी. ज्यांना काही कारणाने मांजर घरात घेणे शक्य नाही त्यांनी निदान आपल्या अंगणात येणाऱ्या भाटीला पशुवैद्याकडे नेऊन तिची शस्त्रक्रिया करवावी आणि तिला रेबीजची लस टोचून घ्यावी.