चित्र आधी की अक्षर आधी?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात मूल शाळेत जाऊ लागले की त्याच्या पाठोपाठ आणखी एक लिपी घरात येते. बडोद्यास ती बिनशिरोरेघेची गुजराती असते, बेळगावकडे वाटोळी कानडी, हैदराबादेस तेलुगू. इंदूर-ग्वाल्हेरकडे लिपी देवनागरीच, पण वळण हिंदीचे. इंग्रजी तर सगळीकडेच. मराठी मात्र कानाने आत येते आणि तोंडाने बाहेर पडते. डोळ्यांशी तिची गाठ बहुधा पडतच नाही. अशा पाच-सहा वर्षांच्या मुलास घरच्या संगणकावर, वर्ड प्रोसेसरमध्ये, चित्रे घालून मराठी लिहावयास शिकवावे काय, हा विषय या महिन्यात आम्ही घेतला आहे. आमचे मत शिकवावे असेच आहे. पाटी-पेन्सिल मात्र सुटता कामा नये. अक्षराचे वळण बोटांत बसते ते गिरवूनच. कळ दाबून ते बसत नाही.

चित्रे कोणती घ्यावीत? आयती चित्रे इंटरनेटवर हवी तितकी मिळतात, आणि त्यांत सफरचंद, हत्ती, आगगाडी यांचाच भरणा असतो. ती घेऊ नयेत असे आम्ही आग्रहाने सांगू. आपल्या स्वयंपाकघरातील लाटण्याचे छायाचित्र फोनने मुलालाच काढू द्यावे. याच लाटण्याला बडोद्याचे मूल शेजारी ऐकून वेलण म्हणत असते, इंदूरचे बेलन. चित्राखाली ‘लाटणे’ हा शब्द त्याने स्वतः उमटवला की तो त्याचा होतो. मग किसणी, रवी, पाटा-वरवंटा, समई, आजीचा अडकित्ता. यांतील निम्म्या वस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर गेलेल्या असतील. त्या निमित्ताने खाली उतरतील, हा वेगळाच लाभ. ज्या मुलांना स्वतः चित्र काढण्याची हौस आहे त्यांच्यासाठी टक्स पेंट हा बिल केन्ड्रिक यांनी २००२ साली सुरू केलेला चित्रकलेचा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. त्यात काढलेले चित्रही पुढे लेखनात आणता येते.

आता टंकलेखनाचे. पुष्कळ पालक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि संगणक त्याचे देवनागरी करून देतो. मोठ्यांनी हे खुशाल करावे. मुलांस मात्र ही सवय लावू नये. इंग्रजीत ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच अक्षर, ‘ल’ आणि ‘ळ’ यांनाही एकच. संगणक अंदाजाने शब्द पुढे करतो आणि मूल तो निमूट स्वीकारते. परमुलखातल्या मुलांची जीभ नेमकी याच अक्षरांवर अडखळते. म्हणून इनस्क्रिप्ट हा कळफलकच शिकवावा. संगणकाच्या भाषांच्या यादीत मराठी निवडली की बहुधा हाच मिळतो. त्यात ‘ळ’साठी शिफ्ट दाबून ‘ल’ची कळ दाबावी लागते, म्हणजे दोन अक्षरे वेगळी आहेत हे बोटालाच कळते. स्वरांच्या कळा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केलेल्या या मांडणीचा मोठा गुण असा की ती आपल्या बहुतेक लिप्यांना समान आहे. ज्या कळीवर मराठी ‘क’ आहे तिच्यावरच गुजराती, कानडी व तेलुगू ‘क’ही आहे. मराठीसाठी घेतलेले कष्ट शाळेच्या भाषेतही फुकट जात नाहीत. घरातील मराठीच्या अभ्यासाकडे नाक मुरडून पाहणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे व्हावे!

एक अडचण मात्र नक्की येईल. ‘किसणी’ लिहिताना मूल हाताने वेलांटी आधी काढते आणि क मागून. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी, वेलांटी नंतर. पडद्यावर ती आपोआप मागे जाऊन बसते. रागावू नये. ‘आधी काय ऐकू येते?’ एवढेच विचारावे.

चित्र पानावर आणले की पहिल्याच दिवशी रडू होते. एक शब्द वाढवला की चित्र खाली उडी मारते, दुसरा पुसला की वर चढते. कारण सोपे आहे: साधारणतः चित्र ओळीत एखाद्या मोठ्या अक्षरासारखे बसते, आणि अक्षरे सरकली की तेही सरकते. चित्राभोवती मजकूर वळवण्याची सोय असते, पण ती या वयाला नको. आधी दोन रकान्यांचे कोष्टक आखून द्यावे. डावीकडे चित्र, उजवीकडे शब्द. चित्र लहान-मोठे करताना कोपरा धरून ओढावयास शिकवावे. बाजू धरून ओढले की आजोबा रुंद होतात, आणि मग मुले मुद्दाम तेच करीत बसतात.

आम्ही शब्द आधी आणि चित्र नंतर असा क्रम सुचवतो. चित्र आधी आणले तर अर्धा तास त्याच्याशी खेळण्यातच जातो आणि लिहिण्याची वेळ येते तेव्हा जेवणाची हाक आलेली असते.

मजकुराची भाषा मराठी आहे हे वर्ड प्रोसेसरला सांगून ठेवणे आवश्यक आहे. ते न केल्यास शुद्ध शब्दांखालीही तांबड्या नागमोडी रेघा येतात, आणि सगळेच चुकले असे समजून मूल हिरमुसते. त्या रेघा आरंभी बंदच कराव्यात. दुसरे कारण अक्षरवळणाचे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे हिंदीहून निराळी आहेत, आणि संगणकावरील पुष्कळ टंक हिंदी रूपेच दाखवतात. काही टंकांत मराठी निवडली की मराठी रूपे येतात. तसा टंक शोधून, तो बराच मोठा करून ठेवावा. शाळेतला ‘ल’ आणि घरातला ‘ल’ निराळे का, असे इंदूरच्या मुलाने विचारले तर दोन्ही कागदावर काढून दाखवावेत. दोन्ही बरोबर आहेत.

फोनवरची छायाचित्रे आकाराने फार जड असतात. दहा-बारा घातली की पुस्तक उघडावयास वेळ लागतो, म्हणून ती आधी हलकी करून घ्यावीत. आणि तयार पुस्तक पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या आजीला धाडावयाचे असेल तर त्याचे पीडीएफ करूनच धाडावे. नाहीतर तिच्या फोनवर तो टंक नसल्यास अक्षरे बदलतात, कोष्टक मोडते, आणि अडकित्त्याच्या चित्रापुढे ‘समई’ वाचून तिचा फोन येतो.