सहीने मिळालेले सहीने जाते

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे जगातला सर्वशक्तिमान माणूस, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. आपल्याकडेही असाच एक खंबीर माणूस वर बसवा, म्हणजे सारे प्रश्न सुटतील, असा सूरही अधूनमधून निघतो. आम्हाला वाटते, हा सूर आळवणाऱ्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना या पदाचा आलेला अनुभव एकदा तपासून पाहावा.

अमेरिकेच्या घटनेने सारी कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती दिली. तोच राष्ट्रप्रमुख, तोच सरकारचा प्रमुख आणि तोच सैन्याचा सरसेनापती. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केलेले विधेयक तो नाकारू शकतो. केंद्रीय कायद्याखालील गुन्हेगाराला माफी देऊ शकतो. पण घटनाकारांनी त्याला लगामही घातला. युद्ध पुकारण्याचा अधिकार आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे ठेवली. न्यायाधीशांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मते दिली, तर त्याचा नकारही मोडीत निघतो.

हा लगाम कधी कुणाच्या उपयोगी पडला? १८६६ साली गुलामीतून सुटलेल्यांना नागरिकत्वाचे हक्क देणारे विधेयक राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी नाकारले. काँग्रेसने त्यांचा नकार मोडून कायदा केला. त्यापूर्वी लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीची घोषणा केली, ती सरसेनापती म्हणून, युद्धकाळातील उपाय म्हणून आणि फक्त बंडखोर प्रदेशांपुरती. गुलामगिरी देशभर कायमची संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. घोषणा मोठी होतीच. पण ती टिकली, कारण तिच्यामागे घटना उभी राहिली.

एकाच लेखणीने काय काय होते तेही पाहा. जून १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांत वंशभेद करण्यास मनाई करणारा आदेश काढला. तो दयेपोटी नव्हता. कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर हजारो कृष्णवर्णीयांचा मोर्चा आणण्याचा इशारा दिला होता. त्याच रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये दुसऱ्या आदेशावर सही केली आणि जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांची रवानगी छावण्यांत झाली. त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. माणूस तोच, पद तेच, सहीसुद्धा तीच!

आणि ताजा धडा? सप्टेंबर १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी भेदभाव करू नये, उलट वंचितांना संधी मिळावी म्हणून विशेष पावले उचलावीत, असे त्यात बंधन होते. सुमारे साठ वर्षे हा आदेश चालला. २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी एका सहीने तो रद्द केला. १९६४ चा नागरी हक्क कायदा मात्र त्यांना तसा रद्द करता आला नाही. कायदा रद्द करायला काँग्रेस लागते.

अर्थात कायदाही आपोआप चालत नाही. १८७७ मध्ये दक्षिणेतील सरकारांना असलेला केंद्रीय सैन्याचा आधार काढून घेतला गेला आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढे अनेक दशके कागदावरच राहिला. याउलट १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. राष्ट्राध्यक्षाची इच्छा महत्त्वाची आहेच. पण ती इच्छा जागवते ती रस्त्यावरची चळवळ.

बाबासाहेबांनी ही पद्धत जवळून अभ्यासली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी स्पष्ट केले, की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. आणि मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली आहे. अनुसूचित जातींची यादी १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने निघाली खरी. पण कलम ३४१ नुसार त्या यादीतून एकही जात वगळायची, तर संसदेलाच कायदा करावा लागतो. नंतरच्या राष्ट्रपतींच्या नुसत्या सहीने ती वगळता येत नाही. या तरतुदीचे मोल अमेरिकेतील त्या रद्द झालेल्या आदेशाकडे पाहिले की कळते.

म्हणून उद्या कोणतेही सरकार एखादी सवलत शासन निर्णयाने किंवा परिपत्रकाने देईल, तेव्हा आपण ती जरूर घ्यावी. पण हार घालायला धावण्याआधी एक प्रश्न विचारावा : हे कायद्यात कधी येणार? जे सहीने मिळते ते सहीने जाते. ते कायद्यात आणायचे आणि कायदा राबवून घ्यायचा, तर संघटित राहण्यावाचून गत्यंतर नाही.