तारामाशाची खरी किंमत

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरांतही आता खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या घरांतून दिसू लागल्या आहेत. त्यांत रंगीत माशांच्या जोडीला हमखास ठेवला जाणारा प्राणी म्हणजे तारामासा. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे. समुद्री साळू आणि समुद्रकाकडी यांच्या कंटकचर्मी कुळातला तो जीव आहे. तो धावत नाही, भांडत नाही, आवाज करीत नाही. त्यामुळे पाळावयास सर्वांत सोपा प्राणी तोच, असा समज रूढ झाला आहे. हा समज जितका रूढ तितकाच चुकीचा आहे; आणि त्याची किंमत तो जीव आपल्या प्राणांनी चुकवीत असतो.

हे मी परक्याच्या अनुभवावरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टाखातर मी नव्वद लिटरची पेटी घेतली आणि सहा आठवड्यांतच तीत एक निळा तारामासा आणून सोडला. पाचव्या महिन्यात त्याच्या एका भुजेचे टोक पांढरे पडले आणि आठवडाभरात तो अक्षरशः विरघळून गेला. दुकानदाराकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, “सर, त्यांचं आयुष्यच तेवढं असतं. दुसरा घेऊन जा, थोडे कमी लावतो.” अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला विचार करावयास लावणारे असे हे वाक्य होते.

प्रथम शास्त्र पाहू. तारामाशाला आपल्यासारखे रक्ताभिसरण नाही. त्याच्या अंगात समुद्राचेच पाणी खेळते आणि त्या पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो बारीक पोकळ पाय, म्हणजे नालपाद, चालतात. शरीरातील क्षारांचे प्रमाण स्वतः राखण्याची सोय त्याच्यापाशी नाही. म्हणून पाण्याची क्षारता एकाएकी बदलली की माशाला जे सोसते ते त्याला सोसत नाही. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. पेटीतही तेच प्रमाण आणि २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान अखंड राखावे लागते. मे महिन्यात पेटीतील पाणी उडते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. ती तूट दररोज शुद्ध गोड्या पाण्याने भरावी लागते. वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. लहान पेटीत हे सारे चढउतार अधिक तीव्र होतात. म्हणजे ज्याची ऐपत लहान पेटीची, त्याच्याच घरी धोका मोठा.

नव्या प्राण्याला पिशवीतून थेट पेटीत सोडणे हा तर गुन्हाच म्हणावयास हवा. बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडीत दोन-तीन तास त्याला सवय लावावी लागते आणि शक्य तो हवेत उचलू नये. माशांच्या रोगांवर वापरले जाणारे तांबेयुक्त औषध तर तारामाशाला सरळ विषच ठरते.

याहून मोठा प्रश्न अन्नाचा आहे. निळा तारामासा खडकांवर चढलेल्या सूक्ष्म जीवांच्या थरावर चरतो. हा थर तीन-चारशे लिटरच्या आणि वर्षभर मुरलेल्या पेटीत कुठे पुरेसा जमतो, आणि तेथेही पुष्कळदा अपुरा पडतो. वाळू उपसणारी जात वाळूतील बारीक जीव काही महिन्यांत संपविते आणि मग उपाशी राहते. दोघांचेही मरण संथ असते. अंगावर तपकिरी शिंगे असलेला ‘चॉकलेट चिप’ कोळंबीचे वा माशाचे तुकडे स्वीकारतो, म्हणून तो तुलनेने टिकतो. मात्र प्रवाळ आणि शिंपले यांच्याजवळ त्याला ठेवता येत नाही. नवशिक्याला त्यातल्या त्यात योग्य म्हणजे त्याचा चुलतभाऊ भंगुरतारा. पेटीतील उष्टेखरकटे वेचून तो बरीच वर्षे जगतो.

आता त्या दुकानदाराच्या वाक्याकडे वळू. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. तारामाशाचा बाजार याही पुढे गेला आहे. मोटार निदान रस्त्यात बंद पडते, म्हणून तक्रार तरी होते. तारामासा चार-सहा महिने उपाशी राहून मरतो, तेव्हा ग्राहक स्वतःलाच दोष देतो किंवा नशिबाला. प्राणी जगला तर दुकानदाराला एकदाच पैसे मिळतात, मेला तर पुन्हा मिळतात. या व्यवहारात सावधगिरीला मोबदलाच नाही. शिवाय हे प्राणी प्रायः पैदाशीतून नव्हे, तर समुद्रातून वेचूनच आणलेले असतात. ती झीज बिलात कोठेही लागत नाही.

ती झीज क्षुल्लक असते असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे सातत्याने काढून टाकले. १९६६ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिंपल्यांनी सारी जागा बळकाविली होती आणि पंधरा जातींच्या जागी आठच उरल्या होत्या. प्रत्येक तारामासा असा कळीचा नसेल. पण कोणता कळीचा आहे हे बाजारभाव सांगत नाही, एवढे खरे.

माणसांचेच हाल होत असताना तारामाशाच्या प्रकृतीची चिंता कशाला, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर एवढेच की, तारामासा पाळणे ही कोणाचीही गरज नाही. ती आपण होऊन पत्करलेली जबाबदारी आहे. गरजेपोटी घडलेली चूक क्षम्य असते. हौसेपोटी केलेल्या हयगयीला ती सवलत मिळू नये.

मग करावे काय? सरसकट बंदीचा आग्रह मी धरणार नाही. पाळीव माशांच्या दुकानांसाठी केंद्राने २०१७ मध्ये केलेले नियम पुढे मागे घेण्यात आले, हा अनुभव ताजाच आहे. पण प्रत्येक पेटीवर प्राण्याचे अन्न, त्याला लागणारी जागा आणि पाण्याचा किमान वयोमान एवढी पाटी लावण्याची सक्ती करता येईल. ग्राहकाने आपल्यापुरते तीन नियम पाळावेत : पेटी वर्षाची होईपर्यंत तारामासा आणू नये, दुकानात तो खाताना पाहिल्याशिवाय घेऊ नये, आणि पालथा केला असता जो स्वतःहून सुलटा होत नाही तो स्वस्त मिळाला तरी नाकारावा.

आमची पेटी अजून आहे. तीत दोन मासे आणि एक भंगुरतारा आहे. तो दिवसा दगडाखाली दडून बसतो, त्यामुळे पाहुण्यांना दिसत नाही. निळा तारामासा परत केव्हा आणायचा, असे मुलीने एकदा विचारले होते. पाण्याची वही काढून मी तिच्यापुढे ठेवली. रोजची क्षारता आणि तापमान आता तीच लिहिते; तो प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही.