पिवळ्या चौदाची चौकशी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली आली की जुना आल्बम हाती लागतो आणि घरात हमखास वाद पेटतो. आजीचा लग्नातला शालू हिरवा की लाल? फोटो काळापांढरा. आत्याबाई शपथेवर हिरवा सांगतात, काका लाल म्हणून हटून बसतात, आणि आजी नुसती हसते.

असाच एक वाद जगातली काही चिकित्सक मंडळी वर्षानुवर्षे घालीत आली आहेत. फक्त तो शालूचा नव्हे, एका लढाऊ विमानाचा!

हान्स-योआखिम मार्सेय हा बर्लिनचा पोरगा, जन्म १९१९ चा. १९४१ च्या एप्रिलात जर्मनीच्या २७ व्या लढाऊ विमानदलाबरोबर तो आफ्रिकेच्या वाळवंटात उतरला. शत्रूची १५८ विमाने पाडल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. त्यांतली १५१ आफ्रिकेतली. ३० सप्टेंबर १९४२ रोजी त्याच्या इंजिनाने पेट घेतला. धुराने भरलेल्या विमानातून त्याने उडी टाकली, पण तो शेपटीवर आदळला आणि हवाई छत्री उघडलीच नाही. वय अवघे बावीस!

त्याच्या मेसरश्मिट विमानावर पिवळ्या रंगात ‘१४’ हा आकडा असे. वरची बाजू वाळूच्या रंगाची, खालची फिकट निळी. वरून पाहणाऱ्याला वाटावे वाळू, खालून पाहणाऱ्याला वाटावे आकाश. यालाच म्हणतात कॅमोफ्लाज. शेपटीजवळ मात्र पांढरा पट्टा, कारण आपल्याच माणसांनी गोळी घालू नये, हीही काळजी घ्यावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, इतके ठाऊक आहे तर वाद कसला? वाद असा, की पिवळा रंग फोटोत पिवळा दिसत नाही. जुन्या एका प्रकारच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे आणि पिवळाही गडद उमटे. नव्या फिल्मवर तोच पिवळा फिका पडे. कॅमेऱ्यापुढे पिवळी काच लावली तर आणखी निराळा! त्यात वाळवंटातले ऊन रंग उडवी, वाळू तो खरवडून काढी, आणि कारागीर वर ठिगळे मारीत. शिवाय मार्सेयचे विमान एकच नव्हते. एक मोडले की दुसऱ्यावर चौदाचा आकडा चढे. मग कुठल्या दिवशीचे कुठले विमान, हे ठरवायचे कसे?

इथे एक युक्ती कामाला येते. शेपटीच्या सुकाणूवर पाडलेल्या प्रत्येक विमानामागे एक रेघ मारण्याची त्या वैमानिकांची रीत होती. मार्सेयची शंभरी भरली १७ जून १९४२ ला. त्यानंतर तो रजेवर जर्मनीत गेला आणि ऑगस्टअखेरीस परतला. म्हणजे फोटोतल्या रेघा मोजा आणि तारीख काढा. तारखेवरून विमानाचा कारखान्यातला क्रमांक शोधा, आणि क्रमांकावरून त्याचा रंग. शेवटच्या दिवशी तो त्याच्या आवडत्या एफ-४ जातीच्या विमानात नव्हता, नव्या जी-२ मध्ये होता. त्या दिवसाचे चित्र म्हणून एफ-४ रंगवले, तर रंग कितीही अचूक असो, चित्र खोटेच!

एवढ्या उठाठेवीचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण असे, की मार्सेयचे फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांतले कितीतरी जर्मन प्रचारखात्याच्या माणसांनी काढलेले. त्यांना हवा होता ‘आफ्रिकेचा तारा’. १९५७ मध्ये याच नावाचा जर्मन बोलपट निघाला. त्यात उडाली ती स्पेनमध्ये बनलेली विमाने. तारा चमकत राहिला, आणि रेघा मात्र नुसत्या रेघाच राहिल्या.

पण रेघ म्हणजे माणूस. १ सप्टेंबर १९४२ या एका दिवसात मार्सेयच्या नावावर सतरा विमाने लागली. समोर होते इंग्रज, ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण आफ्रिकी वैमानिक; खाली त्याच वाळूत आपल्या हिंदी पलटणीही लढत होत्या. अभ्यासकांनी मार्सेयचे दावे दोस्तांच्या दप्तरातील नुकसानीशी ताडून पाहिले. काही जुळले, काही जुळले नाहीत. घाईच्या धुमश्चक्रीत दोन्ही बाजूंचे वैमानिक पाडल्याचा आकडा फुगवून सांगत, आणि तेही बहुधा प्रामाणिकपणे. जिथे जुळले, तिथे तारीख, वेळ आणि ठिकाण धरून त्या रेघेपुढे कुणाचे तरी नाव लिहिता येते. कुणाचा तरी मुलगा कुठे पडला, हे त्याच्या घरच्यांना सांगता येते.

हे एका रंगाच्या वादातून निघते, म्हणून त्या चिकित्सकांना कुणी वेडे म्हणू नये. मार्सेयचे एक सुकाणू बर्लिनमधल्या गाटोच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. त्यावरच्या रेघा पाहून पोरे टाळ्या पिटतील, तर पिटोत. शेजारी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्याने मात्र एवढेच सांगावे: बाळ, ही रेघ नुसती मोजायची नसते, तिच्यामागचा माणूस शोधायचा असतो.