विसावा

श्रावण सरतो त्या अमावास्येला महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत पोळ्याचा सण येतो. आदल्या दिवशी शेतकरी बैलांना पाण्यावर नेऊन धुतो आणि वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले त्यांचे खांदे हळद व लोणी लावून चोळतो. या विधीला खांदेमळण असे म्हणतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, असा दंडक आहे. शेतात कितीही काम पडलेले असले, तरी तो मोडण्यास सहसा कोणी धजत नाही. या प्रथेत बैलाविषयीची कृतज्ञता तर आहेच, पण तिच्याबरोबर एक रोकडा व्यवहारही आहे. सुजलेल्या खांद्याचा बैल नांगर ओढू शकत नाही, हे शेतकरी पुरते जाणून असतो.

बैलाच्या खांद्याविषयी जे शहाणपण दिसते, ते माणसाच्या मनाविषयी मात्र क्वचितच आढळते. परीक्षा जवळ आली, की रात्री दोन वाजेपर्यंत दिवा जाळणाऱ्या मुलाचे घरीदारी कौतुक होते. संध्याकाळी तासभर खेळून, नेमलेला अभ्यास उरकून, नऊ वाजता अंथरुणावर पडणारी मुलगी मात्र आळशी ठरते. जो अधिक थकला तो अधिक शिकला, असा हा हिशेब आहे. हा हिशेब चुकीचा आहे, इतकेच नव्हे, तर तो मुलांचे प्रत्यक्ष नुकसान करणारा आहे.

ताण म्हणजे काय, हे समजले म्हणजे त्यातील चूक ध्यानात येते. भीतीचे काही कारण समोर उभे राहिले, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. हृदयाचे ठोके जलद पडू लागतात, श्वास वाढतो, हातापायांच्या स्नायूंकडे अधिक रक्त धावते आणि पोटातील पचनाचे काम मंदावते. रानात वाघ समोर आला असता लढावयाचे किंवा पळावयाचे, त्याची ही तयारी होय. गंमत अशी, की वाघ आणि गणिताची प्रश्नपत्रिका यांतील फरक शरीराला नीटसा उमगत नाही! म्हणून पेपराच्या सकाळी पोटात गोळा येतो आणि तळहातांना घाम सुटतो. हा आजार नव्हे आणि भित्रेपणा तर नव्हेच. असा थोडा वेळ टिकणारा ताण पुष्कळदा उपकारकच ठरतो. तंबोऱ्याची तार मुळीच ताणली नाही, तर तिच्यातून सूर निघत नाही.

प्रश्न आहे तो न उतरणाऱ्या ताणाचा. माँट्रियल येथे संशोधन करणाऱ्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. थंडी, जखम, अतिश्रम अशी निरनिराळी संकटे त्याने उंदरांपुढे उभी केली. परंतु संकट कोणतेही असले, तरी त्यांच्या शरीरांत होणारे बदल बव्हंशी सारखेच होते. प्रथम शरीर खडबडून जागे होते, मग ते नेटाने टक्कर देते आणि संकट हटलेच नाही, तर शेवटी ते थकून जाते. माणसाचेही असेच होते. ताण दिवसेंदिवस तसाच राहिला, तर झोप उडते, भूक मंदावते, वाचलेले ध्यानात राहत नाही, क्षुल्लक कारणावरून धाकट्या भावंडावर ओरडले जाते. घरातील माणसे याला हट्टीपणा म्हणतात. वस्तुतः तो पुष्कळदा थकवा असतो.

या थकव्यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असा उपाय म्हणजे झोप. दिवसा शिकलेल्या गोष्टी मेंदू झोपेत पक्क्या करून ठेवतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. तेव्हा झोप मोडून पाठांतर करणारा विद्यार्थी एका हाताने धान्य कणगीत भरतो आणि दुसऱ्या हाताने कणगीला भोक पाडतो, असे म्हणावयास हरकत नाही. झोपेच्या जोडीला मैदानावरचा खेळ हवा, घामाघूम करणारे काम हवे. धडधड फारच वाढली, तर सावकाश लांब श्वास सोडत राहावे, त्याने हृदयाची गती खरोखरच उतरते. हातात मोबाइल धरून रात्री उशिरापर्यंत चित्रे पाहत पडणे याला मात्र विसावा म्हणता येणार नाही. त्यात डोळे आणि मन दोन्ही कामालाच जुंपलेले राहतात.

यावर काही वडीलधारी माणसे म्हणतील, की हे सारे नाजूक मुलांचे लाड आहेत. थोर पुरुषांनी केवढे हाल सोसले, त्यांनी कोठे विसाव्याची भाषा केली? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर थोरांच्या चरित्रांतच शोधले पाहिजे.

लोकमान्य टिळकांना १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. वय पन्नाशी उलटलेले, मधुमेहाची व्याधी, जिवलग माणसे समुद्रापलीकडे आणि उन्हाळा अंगाची लाही करणारा. अशा स्थितीत त्यांनी वाचनाचा व लेखनाचा नेम राखला, जर्मन व फ्रेंच भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहून काढला. हे सर्वजण सांगतात. परंतु या मनोबलाची पूर्वतयारी कोठे झाली, हे सांगावयाचे पुष्कळदा राहून जाते. महाविद्यालयात गेल्यावर प्रकृती किरकोळ आहे असे पाहून टिळकांनी पहिले वर्ष पुस्तके बाजूला ठेवून व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांना दिले होते. त्या वर्षी त्यांच्या सोबत्यांपैकी कित्येकांनी त्यांना वेडगळ ठरविले असेल! पुढे मंडालेत जो माणूस टिकला, तो त्या वर्षी घडत होता.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९१२ च्या जून महिन्यात टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. ती बातमी तुरुंगात तारेने पोचली. त्यानंतर टिळकांनी आपल्या भाच्याला पत्र लिहिले. संकटे शांतपणे सोसण्याची आपल्याला सवय आहे, पण या आघाताने आपण बरेच हादरून गेलो, असे त्यांनी त्या पत्रात मोकळेपणाने मान्य केले. ज्यांना सारा देश पोलादी पुरुष समजत होता, त्यांना आपले दुःख एका जवळच्या माणसाला सांगण्यात कमीपणा वाटला नाही. मग सहावी-सातवीतील मुलाने आपली भीती मनात कोंडून का ठेवावी?

आई, वडील, आजी, ताई, वर्गशिक्षक किंवा एखादा विश्वासू मित्र यांपैकी कोणाला तरी ती सांगता येते. कधी कधी मात्र भीतीचे कारण घरातच असते, किंवा घरी ऐकून घेण्याइतकी उसंत कोणाला नसते. ज्या मुलाला मार बसतो, ज्याच्या घरी चूल पेटण्याची विवंचना आहे, त्याला लांब श्वास घे म्हणून सांगणे ही थट्टा होईल. त्याच्यावरचे ओझे मोठ्या माणसांनीच उतरविले पाहिजे. त्यासाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतूनही बोलता येते. हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत.

आणि मुलाने धीर करून तोंड उघडलेच, तर ऐकणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. “एवढ्याने काय होते!” असे म्हटले, की ते मूल पुन्हा सहसा बोलत नाही. दुसऱ्याच्या मुलाचे उदाहरण देणे तर त्याहून वाईट. त्या वेळी हातातले काम खाली ठेवावे, मुलाच्या शेजारी बसावे आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये काही बोलू नये. सल्ला काय, तो दुसऱ्या दिवशी सकाळीही देता येतो.